वाटणीच्या रेघेसाठी लाल शाई

बाबा,

हे पत्र लाल शाईनं लिहिते आहे. लाल शाईनं कोणाला पत्र लिहू नये, अशुभ असतं, असं आई म्हणायची. पण तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचं आणखी काय अशुभ व्हायचं राहिलंय? शाई तपासायची आहे आणि तपासायला काहीतरी लिहावं लागतं. सकाळपासून नुसत्या रेघोट्या आणि वेटोळी काढून कागद भरले. शाळेत असताना कोणा पोरानं असे कागद भरले असते तर मी त्याचा कान धरला असता. मग वाटलं, ज्यांनी मला लाल शाई तपासायला शिकवलं त्यांनाच लिहावं. पेन तुमचाच आहे. तोच जाड, काळा, घाईत निळ्या पेनाशी घोटाळा होऊ नये म्हणून टोपणाखाली लाल दोरा गुंडाळलेला. दोऱ्याचा रंग आता मातीसारखा झालाय. काल पेन कोमट पाण्यात बुडवून ठेवला, तर पाण्यात तुमची जुनी शाई उतरू लागली. आधी तपकिरी, मग गुलाबी. वाटी उचलून मोरीत ओतवेना. तशीच ठेवली ओट्यावर, आणि सूनबाईनं चहाची समजून ओतून दिली.

शाई कशासाठी तपासते आहे तेही सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला पुढचं वाचताना उगीच आशा वाटायला नको. आपल्या वावराची वाटणी होते आहे. दादा आणि धाकटा वेगळे निघताहेत. येत्या रविवारी दोघं इथे यवतमाळला माझ्या घरी येणार, आणि गटाच्या नकाशावर रस्त्यापासून नाल्यापर्यंत लाल रेघ मी ओढायची आहे. सरकारी मोजणी नंतर होईल. आता साखळी-बिखळी काही नसते, एक दांडा उभा करतात आणि तो वरच्या उपग्रहाला विचारून हद्द सांगतो म्हणे. पण त्याआधी घरच्या घरी कच्चा नकाशा ठरवून दोघांनी सह्या करायच्या आहेत. मोजणीदाराची पोरगी, त्यातून जन्मभर चित्रकलेची मास्तरीण. "ताई, तुह्या हातची रेघ आम्हाले मान्य," असं धाकटा म्हणाला. दादाही तेच म्हणाला, वेगळ्या दिवशी, वेगळा येऊन. बाकी एकाही गोष्टीवर त्यांचं जमत नाही. एवढ्या एका गोष्टीवर जमलं, आणि ती माझ्या गळ्यात पडली.

घाटंजीचं ते भाड्याचं घर मला या शाईच्या वासानं आठवलं असं लिहिलं असतं, पण या शाईला वासच नाही. तुमच्या शाईला होता. तिची पुडी तुम्ही आईच्या स्वयंपाकघरात भिजवायचे, कारण उकळून गार केलेलं पाणी तिथेच मिळायचं. बोअरच्या पाण्यात शाईचा चोथा होतो आणि निबात अडकतो, हे तुम्ही आईला दर वेळी नव्यानं सांगायचे. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "माह्या गाळणीले हात लावू नका." तोवर गाळणीला हात लागलेला असायचा. आपल्या घरी चहा गाळताना कधी कधी गुलाबी रेषा उतरायची आणि पाहुण्यांना आई सांगायची की गुळाचा चहा आहे. तुम्ही खाली मान घालून हसायचे. मी पाटावर बसून बघते आहे, तुम्ही नकाशाच्या ट्रेसिंगच्या कापडावर खडूची भुकटी बोटानं चोळताहात, म्हणजे शाई धरते. पट्टीला खालून पोस्टकार्डाचे तुकडे चिकटवलेले आहेत, म्हणजे ती कागदापासून थोडी उचललेली राहते आणि शाई तिच्याखाली शिरत नाही. श्वास रोखायचा, हात नाही, खांदा न्यायचा. जुनी हद्द काळी. नवा हिस्सा पडला की त्याची रेघ लाल. एवढं मला अक्षरं गिरवायच्या आधी कळत होतं.

एकदा मी त्या शाईनं जास्वंद काढलं होतं, शाळेच्या चित्रकलेच्या कागदावर, अगदी मनापासून. बाजूला आपलं वावर, त्यातून आईचं पातळ नेसलेली एक बाई चाललेली, पातळाचे काठ लाल. तुम्ही कचेरीतून आलात, चित्र पाहिलं आणि माझ्या हातातून पेन काढून घेतला. मारलं नाही, ओरडलाही नाहीत. "बाई, ही शाई खेळासाठी नाही," म्हणालात. "ही रेघ मारली का एका घराच्या दोन चुली होते. समजलं? पुन्हा हात लावाचा नाही." मला काही समजलं नव्हतं. रडून रडून नाक लाल झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही बाजारातून रंगांची पेटी आणली, त्यात लाल रंगाची वडी होती, आणि ती पेटी माझ्यासमोर ठेवून पाय धुवायला गेलात. आयुष्यभर मी पोरांना चित्रकला शिकवली ती त्या पेटीमुळे. पण राग मात्र पेनाचाच राहिला. मला तोच हवा होता.

बाजाराच्या दिवशी आपल्या अंगणात लोक यायचे. वाटणीवाले. तुमची कचेरी होतीच, पण माणसांना साहेब घरी भेटला की बरं वाटतं. ते तांड्यावरचे दोघं बंजारा भाऊ मला नीट आठवतात, त्यातल्या धाकट्याच्या कानात चांदीची बाळी होती. आपसात गोरबोलीत तावातावानं बोलायचे आणि तुमच्याकडे वळले की एकदम मराठीत, एकदम थंड. नकाशा तयार होता. काळ्या रेघा झाल्या होत्या, फक्त लाल राहिली होती. तुम्ही एका फालतू कागदावर पेन टेकवला, थोडा वेळ टेकवूनच ठेवला, आणि थेंब पसरला तो त्यांना दाखवला. "शाई फुटून राह्यली भाऊ. अशी रेघ काढली तं उद्या म्हणसान का साहेबानं हातभर जमीन इकडची तिकडं केली. पुढच्या बाजारी या. पण दोघंबी या, एकटा नको." पुढच्या बाजारी शाई पातळ निघाली. त्याच्या पुढच्या बाजारी निब. थोरला वैतागून म्हणाला, "साहेब, काढून टाका ना बाप्पा, कायले थांबता?" आणि जाताना दाराशी भावाच्या कानात कुजबुजला की साहेबाला चहापाणी पाहिजे असेल. तुम्ही ते ऐकलं. तरी पुढच्या बाजारी दोघंही या, एवढंच सांगितलंत. आई मात्र बोलली, ते गेल्यावर. "अन् तुमच्या शाईनं कोणाचं घर जुळलं आजलोक?"

तुम्ही पेन पुसत होता. "जुळत नाही," म्हणालात. "पण इथं येताना-जाताना एकाच बंडीत तं बसते दोघं."

एवढंच तुमचं गणित होतं. वाटणी अडवता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं, तुमची नोकरीच ती होती. फक्त दोन भाऊ आणखी काही वेळा एका बैलगाडीत बसावेत, म्हणून तुम्ही चांगल्या शाईला नावं ठेवत होता. त्या दोघांची रेघ तुम्ही शेवटी काढलीच. सगळ्यांच्याच काढल्या. मला एकही जोडी आठवत नाही जी परत आली आणि म्हणाली की राहू द्या साहेब, आम्हाला नको. लहानपणी मला वाटायचं तुम्ही हरता. मोठी झाल्यावर वाटलं यात हरण्या-जिंकण्यासारखं काही नव्हतंच. आता तुमचा पेन हातात धरून बसले आहे तर पुन्हा लहानपणीचंच वाटतंय.

आपल्या वावराचं तुम्हाला माहीत नाही ते सांगते. तुम्ही गेल्यावर वर्षाच्या आत माझ्या वाट्याचं हक्कसोडपत्र मी करून दिलं. आपल्याकडे बहिणी देतात, मीही दिलं, कोणी माझा हात धरून सही घेतली नाही. रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर निंबाखाली धाकट्यानं मला उसाचा रस पाजला आणि म्हणाला, "ताई, माहेर काय कागदावर असते का? हे तं आपलं नावाले." वहिनीनं जरीची साडी नेसवली, हिरवा चुडा भरला. मी हसत होते. मला खरंच आनंद झाला होता, की माझ्यामुळे दोघांच्या मध्ये काही आलं नाही. तेव्हा ते दोघं होते कुठे मध्ये काही यायला? एकाच ताटात जेवायचे. दादा शेती पाहायचा, धाकट्याचं घाटंजीत खतं-बियाण्यांचं दुकान. दिवाळीला मी गेले की दादा मला वावरात न्यायचा, विहिरीच्या काठावर बसवून तुरीच्या शेंगा सोलून द्यायचा, आणि मी पोरीसारखी पाय हलवत खायची. घरी नातवंडं असलेली बाई.

मग रस्ता रुंद झाला. आपल्या वावराला लागून डांबरी सडक झाली, आणि धाकट्याला तिथे गोडाऊन बांधायचं सुचलं. दादा म्हणाला रस्त्याकडची जमीन चांगली आहे, ती पिकाची, तिथं सिमेंट कायले. एवढ्यावरून. त्यात दोघांच्या बायकांनी आपापलं घातलं, पोरांनी घातलं, गावातल्या शहाण्यांनी घातलं. गेल्या कापसाला मी गेले होते. पहिला वेचा होता, सीतादही करायचं होतं. आई कशी करायची आठवतं ना, झाडाजवळ दहीभात ठेवायचा, शिंपडायचा, हळदकुंकू वाहायचं आणि मग कापसाला हात लावायचा. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर पोचले तर रस्त्याकडच्या टोकाला धाकट्याची बायको दहीभात घेऊन बसलेली आणि नाल्याकडच्या टोकाला वहिनी. एका वावरात दोन सीतादह्या. मधे सगळं पांढरं शेत, आणि एकीकडे गेले तर दुसरीला राग. मी मधेच उभी राहिले. वेचणाऱ्या बाया हसत होत्या, त्यांना वाटलं ऊन लागलं मला. शेवटी मी चप्पल काढून तिथेच धुऱ्यावर बसले, दोन्हीकडचा भात माझ्याकडे आला, आणि मी दोन्ही खाल्ला. दही दोन्हीकडचं आंबट होतं. बाबा, रेघ त्या दिवशीच पडली होती. मी आता काढणार ती नक्कल.

तरी मी तुमची विद्या वापरून पाहिली. दादा नकाशाची नक्कल घेऊन पहिल्यांदा आला तेव्हा म्हटलं, बाबांची शाई वाळून गेली, आणते. नंतर इथल्या दुकानातली आणली, ती खरंच पसरत होती, गुलाबी पडत होती, मला केवढा आनंद झाला! फोनवर दोघांनाही सांगितलं की अशा शाईनं काढली तर रेघ जाड येते, जाड रेघेत जमीन खाल्ली जाते, भांडण होईल. दोघांना एकत्र या म्हटलं, तुमच्यासारखंच, एकटा नको. ते आले. धाकट्याच्या गाडीत दादा बसला नाही, एसटीनं आला. मला वाटलं होतं निदान गाडीत तरी. मी पोहे केले, निबाला नावं ठेवली, दोघांनी खाली मान घालून पोहे खाल्ले आणि वेगवेगळे निघून गेले. त्यानंतरच्या आठवड्यात धाकट्यानं ही बाटली घरपोच पाठवून दिली आणि वर फोन केला. "ताई, मी मोबाइलवर सारं पाह्यलं. ही पसरत नाही, लगेच वाळते, पाण्यानं बी जात नाही. आता तं झालं ना?" त्याच्या आवाजात कपट नव्हतं. त्याला खरंच वाटलं होतं की माझी अडचण शाईचीच आहे. खतं विकणारा माणूस, गिऱ्हाईक म्हणालं औषध लागू पडत नाही की दुसरी बाटली काढतो.

दादाला मात्र सगळं कळलं होतं. त्याचा फोन परवा आला. "काय व बाई," म्हणाला, "मले समजत नाही का तू काय करून राह्यली थे? बाबा बी असंच करत होते. मी होतो ना तवा, मीच तं त्या लोकायले पाणी देत होतो." मी म्हटलं, मग? मागे वहिनी भांडी घासत होती ते ऐकू येत होतं. "बाबाच्या शाईनं थांबलं का कोणी? मंग आम्ही काहून थांबू? रविवारी येतो. काढून टाक." आणि मग हळू, "तुले तरास होते, मले मालूम आहे. पण तुह्याच हातची पाहिजे." माझा दादा असा आहे. घाव घालतो आणि वर फुंकर मारतो, आणि घाव तेवढाच खोल राहतो.

तर शाई. तुम्ही विचाराल म्हणून नीट लिहिते. रंग गडद आहे, तुमच्या शाईसारखा कुंकवाचा नाही, थोडा डाळिंबाकडे झुकलेला. पेनात भरली, झटकावं लागलं नाही, पहिल्या रेघेलाच उतरली. साध्या कागदावर पसरत नाही. जाड कागदावर कडा अशा सरळ येतात की पट्टीची गरजच नाही. तुमच्या नकाशांच्या पेटीतल्या ट्रेसिंगच्या जुन्या तुकड्यावर खडू न चोळता ओढून पाहिली, तिथेही धरली. बोट फिरवलं, पुसली नाही. वरून पाण्याचा थेंब टाकला, थोडा वेळ ठेवून टिपला, तर रेघ तशीच, मुळीच हलली नाही. पेन टेकवून ठेवला, तुमच्यासारखा, थेंब पसरावा म्हणून वाट पाहिली. निबाएवढाच ठिपका झाला आणि तिथेच वाळला. या शाईत मला काही खोट सापडत नाही, बाबा. इतकी चांगली शाई तुम्हाला मिळाली असती तर तुमची पंचाईत झाली असती. रविवारी मी रेघ काढीन, विहीर सामाईक लिहीन, दोघं सह्या करतील, धाकटा गाडीनं जाईल आणि दादा एसटीनं. दिवाळीला दोघंही बोलावतील. एकाकडे गेले की दुसऱ्याला कळेल. काही वर्षांनी मी दोन्हीकडे जाणार नाही, आणि कोणाला फारसं काही वाटणार नाही. हे इतकं स्पष्ट दिसतंय की मला रडूही येत नाही.

हे पत्र टपालात टाकायचा प्रश्नच नाही. आणि तुम्ही असता तर दिलंही नसतं, कारण अजून एक गोष्ट लिहायची राहिली आहे. दुपारी घरात कोणी नव्हतं. नकाशाची एक जास्तीची प्रत होती, ती पुढे ओढली, म्हटलं खऱ्या कागदावर शाई कशी बसते ते पाहावं. पट्टी ठेवली, श्वास रोखला, खांद्यानं रेघ नेली, रस्त्यापासून नाल्यापर्यंत. छान आली. मग पट्टी सरकवली आणि आणखी एक ओढली. तिसरा तुकडा पाडला. विहिरीच्या अलीकडचा, जिथे दादा मला तुरीच्या शेंगा सोलून द्यायचा तो. तिन्ही सारखे व्हावेत म्हणून मी बाजूला आकडेमोड केली, एकदा चुकली, पुन्हा केली. माझ्या तुकड्याला बरोबर कोपरे काढले, धुऱ्याची खूण केली, आत निंबाचं झाड काढलं. शाई लगेच वाळली, तरी मी बराच वेळ कागद उचलला नाही. इतके दिवस मी सगळ्यांना सांगत होते आणि स्वतःलाही, की ही रेघ पडू नये म्हणून मी थांबवून धरलंय. बाबा, तसं नव्हतं. एका वावराच्या दोन वाटण्या होत होत्या, आणि मला तिसरी हवी होती.